छातीला डोळे येतात तेव्हा

किस्से गोळा करायला कुठे हिंडावं लागत नाही, एका जागी बसावं लागतं. आणि बसण्यात आमच्या दमेकऱ्यांच्या गटाला कोणी मागे टाकणार नाही. एसटी स्टँडच्या बाकावर, कुणाच्याही दुकानाच्या ओट्यावर, लग्नात तर मांडवात शिरल्या शिरल्या दिसेल त्या पहिल्या खुर्चीवर आम्ही बसतो. बसलं की आजूबाजूचं दिसतं, ऐकू येतं. शेजारी आपल्यासारखाच कोणी धापा टाकत टेकला असेल तर त्याचंही ऐकून घेतलं जातं. असं करत करत माझ्याकडे इतकं साठलंय की घरी आमचे हे म्हणतात, ‘तुझ्या छातीत हवा कमी आणि गोष्टीच जास्त.’

मी भवानीनगरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. विडी-सिगारेट आयुष्यात हातात धरली नाही. पण लहानपणी आईच्या आणि लग्नानंतर सासूबाईंच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसले, त्या धुरानं उशिरा का होईना गाठलंच. डॉक्टर या दुखण्याला सीओपीडी म्हणतात, गावात सगळे दमाच म्हणतात. दुखणं कायमचं. औषधानं ताब्यात राहतं, पण थंडी, धूर, साधी सर्दी, काही तरी निमित्त मिळतं आणि श्वासाच्या नळ्या आतून सुजतात. मग दोन-चार दिवसांत माणूस आडवा. असं अचानक वाढलं की डॉक्टर त्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणतात. आमच्यातले तात्या ‘भडका’ म्हणतात. आम्ही सगळ्यांनी तात्यांचा शब्द घेतला.

बारामतीतल्या आमच्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी अशा लोकांसाठी एक वर्ग काढलाय. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी प्राजक्ता नावाची फिजिओथेरपिस्ट आमच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घेते. हा वर्ग दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर भरतो. मी पहिल्या दिवशी कशीबशी वर पोचले, बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिले आणि बोलता यायला लागल्यावर प्राजक्ताला विचारलं, ‘अगं, दम्याच्या माणसांचा वर्ग माडीवर कुणी ठेवला?’

ती म्हणाली, ‘बाई, खाली हाडांचे डॉक्टर बसतात. त्यांच्या पेशंटना जिना चढता येत नाही.’

* * *

तात्या कारखान्यात बॉयलरवर होते. आता निवृत्त. अंगानं शिडशिडीत, आवाज मात्र अजून भट्टीशेजारी उभं राहून बोलल्यासारखा. ‘भट्टीनं माझं काय केलं न्हाय. जे केलं ते विडीनं केलं,’ हे ते कोणी न विचारताच सांगतात.

त्यांचा पहिला भडका झाला तेव्हा मॅडमनी तपासून सांगितलं, ‘तात्या, छातीत सूज आहे. या गोळ्या घ्या, तोंडानं ओढायचा पंप वाढवा आणि पुढच्या आठवड्यात दाखवा.’

तात्यांनी गोळ्या घेतल्या. पण सूज म्हटल्यावर नुसत्या गोळीवर भागवणं त्यांना बरं वाटेना. सुनेकडून आंबेहळद उगाळून घेतली, कोमट केली आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत लेप दिला. रोज सकाळ-संध्याकाळ. पुढच्या आठवड्यात मॅडमनी सदरा वर करायला लावून छातीला नळी लावली, ती पिवळी होऊन परत आली.

‘तात्या, हे काय आहे?’

‘सूज हाय म्हणाला न्हवं तुमी?’

‘अहो, सूज आतून आहे. नळ्यांच्या आत.’

तात्यांनी विचार केला. ‘मग आतनं कशी लावायची?’

मॅडम शांत बाई आहेत. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि समजावलं, ‘डोळे आल्यावर काय होतं? डोळा लाल होतो, सुजतो, चिकट पाणी गळतं, नीट उघडत नाही. होय ना? तसंच तुमच्या श्वासनळीचं झालंय. आतली कातडी लाल, सुजलेली. चिकट कफ सुटलाय. आणि नळी उघडत नाही म्हणून तुम्हाला दम लागतोय. ही गोळी ती सूज उतरवते. हळदीचं तिथं काही काम नाही.’

तात्यांना हे पटलं. इतकं पटलं की गावात जो भेटेल त्याला सांगत सुटले, ‘माझ्या छातीला डोळं आल्यात.’

आता डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं बघितलं तरी आपल्याला लागतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. शेजारचा दूधवाला मान वळवून माप ओतायला लागला. दाढी करणाऱ्यानं ‘तात्या, जरा कमी झाल्यावर या की’ म्हणून खुर्चीवरून उठवलं. शेवटी त्यांच्या व्याह्यांना दया आली. ते भेटायला येताना इंदापूरहून एक काळा गॉगल घेऊन आले.

तात्यांनी गॉगल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. व्याह्याला नाही कसं म्हणायचं? आणि रोग डोळ्यांना तर झालेला नाही. मग त्यांनी तो सदऱ्याच्या बटनात अडकवला, बरोबर छातीच्या मधोमध, आणि तसेच मंगळवारी वर्गाला आले.

मॅडम राउंडला वर आल्या. गॉगलकडे बघत राहिल्या.

तात्या म्हणाले, ‘उजेड लागू ने म्हणून.’

* * *

मालनबाईंची एमआयडीसीच्या रस्त्याला खानावळ आहे. शिफ्ट सुटली की मोटरसायकली येऊन लागतात आणि दूध प्लँटमधली, वर्कशॉपमधली पोरं जेवायला बसतात. मालनबाईंनी कित्येक वर्षं लाकडावर स्वयंपाक केला. आता गॅस आहे, पण छातीला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

वर्गात आल्या तेव्हा त्यांची तक्रार होती की औषध लागू पडत नाही. प्राजक्तानं विचारलं, ‘मावशी, कॅप्सूल कशी घेता?’ मालनबाई म्हणाल्या, ‘कशी म्हंजी? चहासंगं.’ ओढून घ्यायच्या पावडरीच्या कॅप्सूल त्या रोज गिळत होत्या. त्यासोबत मिळालेलं यंत्र त्यांनी धुऊन-पुसून फडताळात ठेवलं होतं. ‘लेकरांचं खेळणं फुकट दिलं असंल, असं वाटलं मला,’ म्हणाल्या.

पण मला सांगायचंय ते नंतरचं.

थंडीत त्यांना भडका झाला. मॅडमनी थोड्या दिवसांसाठी सूज उतरवायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, ‘या गोळ्यांनी भूक फार लागते बरं का.’

मालनबाई हसल्या. ‘मला कुठली भूक? खानावळवालीला भूक लागाया लागली तर मग झालंच.’

त्या कायम शेवटी जेवायच्या. सगळी पोरं उठली, भांडी घासायला पडली, की उरलंसुरलं ताटात घेऊन उभ्या उभ्याच खायच्या. लग्न झाल्यापासून हेच. नवरा होता तेव्हाही आणि गेल्यावरही.

गोळ्या सुरू झाल्या आणि एक दिवस दुपारी, ऐन गर्दीच्या वेळी, तव्यावर भाकरी असताना त्यांना अशी भूक लागली की पुढची भाकरी थापवेना. त्यांनी गॅस बारीक केला, एक ताट घेतलं आणि बाहेर येऊन पोरांच्या बाकावरच बसल्या. पोरं बघायला लागली. मावशी बसलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

त्यांच्यातला सागर नावाचा एक जण उठला. आत गेला, भाकरी उलटली, कालवणाचं पातेलं घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, ‘मावशी, बसा तुमी. काय वाढू?’

‘दोन भाकरी खाल्ल्या बाई,’ मालनबाई मला सांगत होत्या, ‘वर भात खाल्ला. पोरं उभी राहून वाढत होती. लग्नात बी मला कुणी असं आग्रेव करून वाढलं न्हवतं.’ हे सांगताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

गोळ्या संपल्या, भूक पहिल्यासारखी झाली. पोरं मात्र ऐकेनात. आधी मावशींचं ताट, मग पंगत, असा त्यांनी नियमच केला.

पुढच्या तपासणीला मालनबाई वजनाच्या काट्यावरून उतरल्या आणि मॅडमना म्हणाल्या, ‘तुमी गोळी बंद केली, ते बरं झालं. आता त्या पोरांना बंद करायची काय तरी गोळी द्या.’

* * *

हा माझा स्वतःचा, आणि छोटा.

दम लागला की ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा, असं प्राजक्तानं शिकवलंय. त्यानं खरंच आराम पडतो. एकदा बारामती स्टँडवर गाडी सुटत होती म्हणून मी चार पावलं भरभर चालले आणि चढल्यावर सीटवर बसून हे सुरू केलं. माझ्या पुढच्या दातांत फट आहे. त्यामुळे श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते.

पुढच्या सीटवर एक तरुण जोडपं होतं. नवऱ्यानं एकदा मागं वळून पाहिलं. मी डोळे मिटून घेतले होते. शिट्टी चालूच. तो उठला, माझ्या शेजारच्या कॉलेजच्या पोराला म्हणाला, ‘काय रे, शिट्टी कुणाला मारतो?’

पोरगं घाबरलं. मला गप्प बसवेना. मी हात वर करून खूण केली की मी आहे ती.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम वाकून माझ्या पाया पडला. ‘बाई, तुमी व्हय?’ मग बायकोकडे वळला आणि म्हणाला, ‘ह्या आमच्या बाई. शिट्टी मारली म्हणून मला शाळेत दिवसभर बाकावर उभं केलं होतं ह्यांनी.’

* * *

बाबूराव इंदापूरचे. त्यांचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. अतिशय टापटिपीचा माणूस. डॉक्टरांनी एक सांगितलं की ते दीड करतात.

मॅडम आम्हाला नेहमी सांगतात की कफाकडे लक्ष ठेवा. पांढरट असेल तर ठीक, पण रंग बदलून पिवळा-हिरवा व्हायला लागला, घट्ट झाला, तर आत भडक्याची तयारी चाललीय. तेव्हा वाट बघत बसू नका, लगेच फोन करा. आम्ही बाकीचे फोनवर ‘पिवळट आहे’, ‘हिरवट वाटतंय’ असं काहीतरी सांगतो. बाबूरावांना हे ढोबळपणाचं वाटायचं. त्यांनी दुकानातून रंगांचं शेडकार्ड आणलं. सकाळी वाडग्यात बघायचं, शेडकार्डाशी ताडून पाहायचं, जुळणाऱ्या रंगाच्या चौकोनाचा फोटो काढायचा आणि मॅडमना पाठवायचा. मॅडमनाही ते सोयीचं वाटलं. कफाचा फोटो बघण्यापेक्षा बरंच म्हणायचं.

त्याच सुमाराला बाबूरावांच्या नातीचं लग्न ठरलं. दोन्हीकडच्या मंडळींचा फोनवर एक ग्रुप झाला. त्यावर रोज साड्या, मेंदी, जेवणाचे मेनू. बाबूरावांना त्या ग्रुपमध्ये घालून ठेवलं होतं, पण ते कधी काही लिहीत नसत.

एका सकाळी त्यांना जरा जड वाटलं. त्यांनी ताडून पाहिलं, फोटो काढला, खाली लिहिलं, ‘आज सकाळपासून हा रंग आहे. जरा घट्ट आहे. आपलं मत कळवावे.’ आणि पाठवला तो चुकून लग्नाच्या ग्रुपवर.

अर्ध्या तासानं त्यांनी मॅडमचं उत्तर आलं का म्हणून फोन उघडला, तर विहीणबाईंचा निरोप होता, ‘आजोबा, किती सुंदर पिस्ता! मी हाच शोधत होते.’ खाली मावश्यांनी, आत्यांनी फुलं टाकली होती. कुणीतरी लिहिलं होतं, ‘घट्ट विणीचंच घेऊ, फॉल चांगला पडतो.’ आणि नातीनं लिहिलं होतं, ‘आजोबा, तुम्ही माझ्या लग्नात इतकं लक्ष घालताय, मला रडू आलं.’

बाबूराव फोन हातात धरून बसले. खरं सांगावं तर नातीचं रडू कशावर आलं होतं ते सांगावं लागणार. त्यांनी गुपचूप तोच फोटो मॅडमना पाठवला, औषध सुरू केलं, आणि वेळेत केल्यामुळे लग्नापर्यंत खडखडीत बरे झाले.

लग्नाला आमचा सगळा वर्ग गेला होता. मॅडमही वेळ काढून आल्या. नवऱ्यामुलाकडच्या झाडून सगळ्या बायका त्या रंगाच्या साड्या नेसून ओळीनं स्वागताला उभ्या होत्या. आम्हाला बाबूरावांनी आधीच शपथ घालून सांगितलेलं असल्यामुळे आम्ही खाली बघत होतो.

मॅडमना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या दारात क्षणभर थांबल्या, ओळीवरून नजर फिरवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘बाई, या सगळ्यांना अँटिबायोटिक लागणार.’

* * *

दर वेळी हसूच येतं असं नाही. माझा दुसरा भडका मोठा होता.

सर्दीनं सुरुवात झाली. मला वाटलं, जाईल. पंप घेतला, पुन्हा घेतला. सकाळी उठले तर अंघोळीचा तांब्या उचलायलाही दम लागत होता. मी यांना काही सांगितलं नाही, कारण सांगायला शब्द लागतात आणि शब्दांना श्वास. खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसून राहिले.

आमचे हे पेपर वाचत होते. चहाचा कप त्यांनी टीव्हीवर ठेवला. ओला टॉवेल पलंगावर टाकला. पायातल्या चपलांसकट देवघरापर्यंत जाऊन आले. मग एकदम थबकले, माझ्याकडे वळून पाहिलं आणि शेजारच्यांना गाडी काढायला सांगितली. नंतर मी विचारलं, ‘तुम्हाला कसं कळलं?’ तर म्हणाले, ‘सकाळपासून तू मला एकदाही रागावली नाहीस.’

बारामतीपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. दवाखान्यात तोंडावर घट्ट मास्क बांधला आणि मशीननं हवा आत ढकलायला सुरुवात केली ते आठवतं. जोराच्या वाऱ्यात तोंड उघडून उभं राहावं तसं वाटत होतं. मी घाबरले. मास्क ओढून काढायला हात गेला. यांनी तो हात धरला आणि सोडलाच नाही. एरवी चार माणसांत माझ्या शेजारी उभं राहायलाही लाजतात. मॅडम वाकून म्हणाल्या, ‘बाई, मशीनशी भांडू नका. ती देतेय तेवढी घ्या. आतली सूज उतरायला औषधाला थोडा वेळ लागतो, तोवर ही तुमचं निम्मं काम करणार आहे.’ मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या मान हलवतील त्या लयीत श्वास घेत राहिले. मनात एकच येत होतं, की मुलांना फोन केला असेल का, आणि केला असेल तर यांनी काय सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्क थोडा वेळ काढला. हे समोर स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली, सदरा कालचाच. मी काहीतरी बोलावं म्हणून ते वाट बघत होते. माझं लक्ष त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेलं. तिथे पाटी होती.

मी म्हटलं, ‘कृपया चुकीचं लिहिलंय. क ला र जोडलाय.’

हे उठले, बाहेर व्हरांड्यात गेले आणि मुलाला फोन लावला. दार उघडं होतं, मला ऐकू आलं. ‘येऊ नको घाईनं. आई ठीक आहे. शुद्धलेखन तपासतेय.’

* * *

शेवटचा आबांचा. आबा वरकुट्याचे. डाळिंब आणि ऊस. मितभाषी माणूस, व्यायाम मन लावून करतात. गेली काही वर्षं त्यांना ठरावीक हंगामात भडका होतो. उसाची तोडणी झाली की रानात वाळका पाला उरतो, त्याला पाचट म्हणतात. काही जण ते कुजवतात, काही जण पेटवून मोकळे होतात. आबांच्या घराला लागून त्यांचे चुलतभाऊ संपतराव यांचं रान. संपतराव पेटवणाऱ्यांपैकी. धूर आबांच्या अंगणात उतरायचा आणि दोन दिवसांत आबा दवाखान्यात.

‘त्यांना सांगत का नाही?’ मी एकदा विचारलं होतं.

‘बोलणं न्हाय आमचं,’ आबा म्हणाले. दोघांच्या रानांमधला बांध कोरून हद्द कुणी सरकवली, यावरून वाद झाला होता. तेव्हापासून बंद. समोरासमोर आले तर दोघं दोन बाजूंना बघायचे.

एका शुक्रवारी वर्ग सुरू झाला होता आणि दारात एक नवीन गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात औषधांची पिशवी, दम लागलेला. प्राजक्ता म्हणाली, ‘या संपतराव, मॅडमनी पाठवलंय ना? बसा.’ रिकामी खुर्ची एकच होती. आबांच्या शेजारी.

आबांचा चेहरा दगडासारखा झाला. संपतराव दारातच घुटमळले, पण पाय थकले होते. बसले. त्या दिवशी जोडीजोडीनं व्यायाम होता. एकानं बोटांवर मोजायचं, दुसऱ्यानं तेवढा वेळ श्वास सोडायचा. प्राजक्ताला काय माहीत? तिनं दोघांची जोडी लावली. आबा छताकडे बघत मोजत होते, संपतराव फरशीकडे बघत श्वास सोडत होते.

मग चहा आला. आम्ही सगळे कप घेऊन गप्प बसलो, कारण आबांनी तोंड उघडलं होतं.

‘तू पाचट पेटवतो,’ आबा म्हणाले. ‘दर साली. तुला माहीत हाय की वारं...’ आणि त्यांचा दम संपला. ते खुर्चीला धरून वाकले.

संपतराव थांबले. आबांचा श्वास जाग्यावर आला, त्यांनी मान हलवली, तेव्हा संपतराव म्हणाले, ‘पेटवतो. माझं रान हाय. तू आदी बांध कोरला, मग मी...’ त्यांचाही दम संपला. आबा थांबले.

असं बराच वेळ चाललं. एक बोलायचा, अर्ध्यात अडकायचा, आणि दुसरा त्याचा श्वास येईपर्यंत वाट बघायचा. कोणी कोणाच्या मधे बोललं नाही. गावच्या भांडणात मी असा शिस्तीचा वाद कधी पाहिला नाही.

‘बांध कुणी कोरला ते...’ संपतराव म्हणाले आणि त्यांना खोकला लागला. थांबेना. चेहरा लाल झाला. ते पिशवीत पंप शोधायला लागले, पण पिशवीची गाठ सुटेना. प्राजक्ता उठली, त्याआधी आबांनी पिशवी ओढून घेतली होती. गाठ सोडली, संपतरावांचा नवा कोरा पंप काढला, हलवला, त्यांच्या तोंडाशी धरला.

‘आदी श्वास सोड समदा. हां. आता मी दाबतो, तू हळू वढ. हळू. धरून ठिव. सोडू नको. आता सोड.’

संपतरावांनी सोडला. दुसऱ्यांदा केलं. आबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. खोकला बसला. संपतरावांनी डोळे पुसले.

‘हां,’ आबा म्हणाले, ‘बोल आता. बांध कुणी कोरला?’

संपतराव पंपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे तुला कसं येतं समदं?’

‘कसं येतं म्हंजी? तुझ्या धुरानं दर साली हितं येऊन पडतो मी. नाकाला नळी लावून.’

‘हितं?’

‘मग कुठं?’

संपतराव त्यांच्याकडे बघायला लागले. ‘मला वाटायचं, तू लेकीकडं जातो पुण्याला. तोडणी झाली की घराला कुलूप दिसायचं तुझ्या.’

‘कुणी सांगितलं, लेकीकडं?’

‘कुणीच न्हाय. सांगणार कोण? आपलं बोलणं हाय का?’

तात्यांच्या हातातला चहा निवला होता. आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

‘तरी बी,’ ते म्हणाले, ‘बांध तूच कोरलास.’

संपतराव उत्तर द्यायला सरसावले, तेवढ्यात प्राजक्तानं इंदापूरच्या गाडीची वेळ झाल्याची आठवण करून दिली. गाडी भरलेली होती. कंडक्टरनं दोघांना एका सीटवर बसवलं, मी त्यांच्या पुढे होते. गाडी सुटली, खिडकीतून धूळ यायला लागली. भवानीनगरला मी उतरायला उठले, तेव्हा संपतरावांना राहवलं नसावं. ते आबांकडे वळून म्हणाले, ‘बांधाचं सांगतो तुला, त्या साली...’

आबांनी त्यांच्या पुढून हात घालून खिडकीची काच बंद केली.

‘धूळ येतीय, तोंड मिटून बस,’ ते म्हणाले. ‘राहिलेलं मंगळवारी बोल.’